शह चालू असताना

दामाजी कोळ्यांच्या बत्तीस शहांच्या डावात खोट आहे, असं ग्रेगरी सरांनी भर सभेत सांगितलं आणि ठाण्याच्या बुद्धिबळवाल्यांत सरळ दोन तट पडले. तट म्हणजे फार काही नव्हे, सगळी मिळून चाळीसेक माणसं. पण या चाळीस माणसांना पटापुढे जगातलं दुसरं काही महत्त्वाचं वाटत नसे, त्यामुळे भांडण मात्र जंगी झालं. नौपाड्यातल्या मंडळाच्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं मांडीला मांडी लावून बसणारे लोक एकमेकांना पाठ करून बसू लागले. एकानं तर चहा वेगळा मागवायला सुरुवात केली.

डाव होता १९५८ सालचा. दामाजी तेव्हा चाळिशीचे होते, मचवा घेऊन खाडीत जात आणि परत आले की चेंदणी कोळीवाड्यातल्या ओट्यावर पट मांडून बसत. देशी पद्धतीच्या खेळात प्याद्यानं मात देणं हा सगळ्यात मोठा मान. दामाजींनी अशी मांडणी रचली होती की पांढरा पहिल्या चालीपासून नुसते शह देत जातो, काळ्या राजाला उसंत म्हणून मिळत नाही आणि बरोबर बत्तिसाव्या शहाला एक साधं प्यादं एक घर पुढे सरकतं, की मात. चौथी शिकलेल्या माणसानं हे रचलेलं पाहून मोठमोठ्यांनी तोंडात बोटं घातली होती. तेव्हापासून ते 'बत्तीसवाले दामाजी' झाले. माणसाला आयुष्यात एवढं एक नाव मिळालं तरी पुष्कळ झालं.

ग्रेगरी सर हे काही त्यांचे वैरी नव्हते. निवृत्त गणित-मास्तर, दामाजींचे चाळीस वर्षांचे दोस्त, आणि रोज संध्याकाळी त्यांच्याशी खेळून हरणारे. ९२ साली मंडळाचा सुवर्णमहोत्सव आला, स्मरणिकेच्या पहिल्या पानावर हाच डाव छापायचं ठरलं, म्हणून सरांनी तो छापण्याआधी नीट तपासायला घेतला. मास्तरांची खोड. एकोणिसाव्या शहाला राजा कोपऱ्यात जातो, असं डाव उतरवलेल्या वहीत लिहिलं होतं. "पण तो उंटाच्या बाजूला गेला तर?" सरांनी विचारलं.

दामाजींनी पटाकडे अर्धा तास पाहिलं. "उत्तर हाय याला," ते म्हणाले. "मी काढलेलं."

"मग दाखव ना रे, दामू."

दामाजींना ते दाखवता आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या तीन आठवड्यांतही नाही.

शेवटी मंडळाचे कार्यवाह परशुरामपंत यांनी तोडगा काढला. दामाजींची मुलगी मंजुळा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत प्रोग्रामर होती. लग्न होऊन डोंबिवलीला गेली होती, पण बापाचा खेळ तिनं सोडला नव्हता. दोन वर्षं जेवणाच्या सुट्ट्या खर्चून तिनं देशी नियमांनी खेळणारा एक प्रोग्राम लिहिला होता. पंत म्हणाले, "यंत्राला कुणाचा लोभ नाही. रविवारी सगळ्यांसमक्ष एकोणिसाव्या शहापासून डाव यंत्राला घालू. ते म्हणेल ते मान्य. सोमवारी मजकूर छापखान्यात जाईल." दोन्ही तटांनी मान डोलावली. यंत्राला लोभ नसतो हे खरं. पण ते चालवणाऱ्या बाईला असतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मंजुळाची अडचण वेगळीच होती. संगणक बुद्धिबळ खेळतो म्हणजे मोजतो. मी इथं, तो तिथं, मग मी इथं. कुठंतरी थांबायला हवंच, नाहीतर मोजणी जन्मभर संपायची नाही. म्हणून तिनं मर्यादा घातली होती, दोघांच्या दोन-दोन चाली. पण शह चालू असताना थांबलं की यंत्र फसतं. पुढच्याच चालीला मात असते आणि ते बापडं सगळं आलबेल असल्याचं सांगून मोकळं होतं. म्हणून शह दिला की ती चाल आणि तिचं उत्तर मोजायचं नाही, तेवढं पुढे जाऊ द्यायचं, असा तिनं नियम केला होता. त्याला ती 'वाढ' म्हणायची.

बाबांच्या डावात तर सगळेच शह. पहिल्यांदा तिनं तो यंत्राला घातला, तेव्हा शनिवारी दुपारी दोनला आत गेलेलं यंत्र सात वाजले तरी बाहेर येईना. प्रत्येक शहाला वाढ, वाढीतून नवा शह, त्याला परत वाढ. वॉचमन कुलूप घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा तिनं हात टेकले आणि बटण बंद केलं. मग वाढींना तिनं वेसण घातली. चालींच्या एका ओळीत जास्तीत जास्त नऊ वाढी. दहावा शह आला तरी लाड नाहीत. आता यंत्र पाऊण तासात बाहेर येऊ लागलं. बाहेर येऊन काय सांगेल, हे तिनं मुद्दामच पाहिलं नाही. रविवारी सगळ्यांबरोबरच बघायचं, असं तिनं ठरवलं होतं.

शनिवारी संध्याकाळी ती चेंदणीला गेली. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, बाबा एकटेच राहत. ओट्यावर पट मांडलेला होता आणि बाबा पटाकडे न बघता खाडीच्या दिशेनं बघत बसले होते.

"बाबा, उद्याचं टेन्शन घेऊ नका हां. खोट नाहीच आहे, मला माहितेय," ती म्हणाली.

"निघू दे."

"काय?"

"खोट निघू दे, मंजू." दामाजींनी तिच्याकडे पाहिलं. "तुना एक सांगतंय. कोणाला बोलू नको. ग्रेगरीला पन नाय."

मग त्यांनी सांगितलं. गेल्या महिन्यात ते बाजारातून घरी यायला निघाले आणि गल्लीच सापडेना. ज्या गल्लीत जन्म गेला ती गल्ली. एका पोराला विचारून घरी आले, त्या पोराला वाटलं आजोबा मस्करी करतायत. चंद्रभागा, त्यांची बहीण, वारून बारा वर्षं झाली. तिच्यासाठी परवा त्यांनी ताट वाढलं होतं.

"वय झालं की होतं असं, बाबा."

"ऐक. त्या घरावर राजा गेला तर काय, ते मी काढलेलं, असं मना वाटतं. पन काय काढलेलं ते नाय आठवत. आता बघ. खोट असंल, तर मी कायच काढलेलं नवतं. म्हंजे मी कायच इसारलो नाय. डोकं जाग्यावर हाय." ते थांबले. "आनि खोट नसंल, तर मी ते काढलेलं आनि सगलं पुसून गेलं. मानूस पोरीचं नाव इसारंल, तारीख इसारंल. पन यो डाव? यो गेला म्हंजे मी गेलो ना."

उद्या यंत्रानं डाव निर्दोष ठरवावा म्हणून मंजुळानं मनातल्या मनात एकविरा आईला नवस बोलून ठेवला होता. तो कसा परत घ्यायचा हे तिला कळेना. बाबांचं नाव राहायला हवं की बाबा? एवढा सरळ प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता, आणि उत्तरही तिला लगेच सापडलं, याची तिला लाज वाटली. नाव गेलं खड्ड्यात.

रविवारी सकाळी ऑफिसातून रीतसर परवानगी काढून आणलेलं यंत्र रिक्षातून हॉलवर आलं. मॉनिटर तिनं मांडीवर धरला होता. टेबल मांडलं, तारा जोडल्या. पडदा तिच्याकडे होता, लोक समोर, त्यामुळे हिरवी अक्षरं तिला एकटीलाच दिसत होती. तिच्या शेजारी मोठा पट मांडून एकोणिसाव्या शहानंतर राजा उंटाच्या बाजूला गेल्याची स्थिती लावली होती. पंतांनी उभं राहून जाहीर केलं की हॉल एक वाजता रिकामा करून द्यायचा आहे, दुपारी इथं साखरपुडा आहे. मग दोन्ही तट गप्प झाले. दामाजी पांढरं धोतर नेसून पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ग्रेगरी सर आले, क्षणभर घुटमळले आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसले.

साडेदहाला मंजुळानं एंटर दाबलं.

यंत्र मोजत असताना बघण्यासारखं काही नसतं. कोपऱ्यात एक आकडा बदलतो: किती शहांपर्यंत पोचलं ते. पाच. सहा. सात. पंखे घरघरत होते. कुणीतरी खोकलं तर चाळीस माना वळल्या. नऊ. मग दहा. अकरावर आकडा थांबला तो हललाच नाही. सव्वाअकराला पडद्यावर दोन ओळी उमटल्या.

'मात सापडली नाही.'

आणि तिच्याखाली, तिनं स्वतःच कधीतरी लिहून ठेवलेली दुसरी ओळ: 'वाढ संपली. ओळी: १.'

म्हणजे चालींच्या बाकीच्या हजारो ओळी यंत्रानं शेवटपर्यंत तपासल्या होत्या. एकच ओळ अशी होती की जिथं शह चालूच होते, आणि वेसण ओढली गेली म्हणून ते मधेच मागे फिरलं होतं. त्या एका ओळीच्या पुढे काय होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कदाचित दोन शहांवर मात असेल. कदाचित काहीच नसेल.

मंजुळा पडद्याकडे बघत राहिली. दुसरी ओळ वाचायची की नाही, एवढंच तिच्या हातात होतं. ती वाचली नाही तर तो खोटेपणा ठरत नव्हता. मात सापडली नव्हतीच ना? समोर बाबा बसले होते. त्यांचे डोळे तिच्यावर होते आणि त्या डोळ्यांत काय मागणं आहे, ते या हॉलमध्ये फक्त तिला माहीत होतं.

"मात सापडली नाही," ती म्हणाली.

हॉलमध्ये एकच कालवा झाला. कुणी टेबलावर हात आपटला, कुणी "अरेरे" म्हणालं. आश्चर्य म्हणजे ग्रेगरी सरांच्या तटातलं कुणी आनंदानं ओरडलं नाही. सर तर डोकं धरून बसले. दामाजी मात्र शांत होते. त्यांनी खुर्चीला पाठ टेकली आणि मोठा श्वास सोडला. कित्येक दिवसांत त्यांचा चेहरा इतका मोकळा दिसला नव्हता. मंजुळाला वाटलं, झालं आपलं काम. आता यंत्र बंद करावं आणि बाबांना घेऊन घरी जावं.

पण परशुरामपंत नियमाचे माणूस. ते उठून पटाशी आले. "मंडळाची पद्धत आहे. खोट दाखवायची तर सुटलेला राजा पटावर दाखवावा लागतो. नुसतं तोंडी चालत नाही. मंजुळाताई, यंत्रानं राजा शेवटी कुठे सोडवला ते मांडा."

ही पद्धत मंजुळा लहानपणापासून बघत आली होती. राजा अशा घरावर ठेवायचा की जिथं त्याला पुढचा शहच देता येत नाही. तरच तो सुटला. हे तिला कालपासून एकदाही आठवलं नव्हतं. तिनं यंत्राकडून त्या ओळीची शेवटची स्थिती मागवली आणि एकेक घर वाचत सोंगट्या मांडत गेली. अकरा शह आणि अकरा उत्तरांनंतरची, म्हणजे मूळच्या दोन चाली आणि नऊ वाढी. दुसरं काही मांडावं म्हटलं तरी सुचेना. समोरच्या चाळीस माणसांनी ते तिथल्या तिथे पकडलं असतं. शेवटी राजा एका घरावर ठेवून तिनं हात मागे घेतला.

सगळे पुढे वाकले. दामाजीही उठले, काठी टेकत पटाशी आले. त्यांनी पाहिलं. फार वेळ लागला नाही.

"यो राजा कुठं सुटलाय?" ते म्हणाले. "घोडा इथं आला की शह हाय."

"हो की," कुणीतरी मागून म्हणालं.

दामाजींनी मुलीकडे पाहिलं. "मंजू, मशीन थांबलं, का तू थांबवलंस?"

मंजुळानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की बाबा, विचारू नका, तुम्हीच सांगितलंत ना काल. ते त्यांना कळलंही. मान किंचित हलली. पण नजर ढळली नाही. या माणसानं तिला सात वर्षांची असताना मांडीवर बसवून शिकवलं होतं की शह चालू असताना विचार सोडायचा नसतो. त्यांच्यासमोर तिला खोटं बोलता येईना.

"मी थांबवलं," ती म्हणाली. "नऊ वाढींच्या पुढे जाऊ दिलं नाही. नाहीतर ते बाहेरच येत नाही, बाबा."

"मग सोड त्याला."

"बाबा..."

"शह चालू असताना कोन उठतो काय पटावरनं?" दामाजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "सोड. काय होयाचं ते होवू दे."

परशुरामपंतांनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा. "दीड तास आहे, ताई."

वेसण नुसती काढून टाकली तर यंत्र पुन्हा सातपर्यंत बाहेर येणार नव्हतं. तिला वाढी आवरायच्याच होत्या, फक्त वेगळ्या तऱ्हेनं. आणि ती तऱ्हा तिला ठाऊक होती, कारण ती बाबांचीच होती. दामाजी डाव रचायला बसले की गुडघ्यावर बोटं वाजवत. राजाला जायला एकच घर असेल तिथं बोटं भराभर पडत, विचार करायला काही नसेच. दोन घरं असतील तिथं बोटं हळू होत. आणि तीन-चार वाटा फुटल्या की बोटं थांबत, मान नकारार्थी हले आणि ते ती ओळ टाकून देत. म्हणजे वाढ किती द्यायची ते शहावर नाही, उत्तरांवर ठरवायचं. एकच उत्तर असेल तर पूर्ण वाढ, हवी तितकी. दोन असतील तर अर्धी. जास्त असतील तर काहीच नाही. हे तिच्या डोक्यात महिनाभर घोळत होतं. लिहायचं धाडस झालं नव्हतं.

ती लिहायला बसली. बारा-पंधरा ओळींचं काम, पण चाळीस माणसं हातांकडे बघत असताना सोपं नव्हतं. पहिल्या खेपेला यंत्रानं चूक दाखवली. दुसऱ्या खेपेला दुसरी. घामानं बोटं कळांवरून घसरत होती. मागे मांडववाले आले, गाद्या-लोड दाराशी आणून टाकू लागले. बारा वाजून पाच मिनिटांनी प्रोग्राम चालू झाला.

पाच. सात. आठ. या वेळी आकडा झपझप वर गेला. दहा. अकरा. अकरावर थांबला.

सव्वाबारा. बारा वीस. पलीकडे झेंडूच्या माळा सोडवायला बसलेल्या बायकाही कुजबुजायच्या थांबल्या होत्या. ग्रेगरी सर तिसऱ्या रांगेतून उठले आणि दामाजींच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसले.

बारा.

आकडा पुढे सरकलेला कुणालाच दिसला नाही, फक्त तिला. तिचा डावा हात आपोआप कळफलकावर गेला. कंट्रोल आणि ब्रेक, दोन कळा एकत्र दाबल्या की सगळं थांबतं. यंत्र बंद पडलं म्हणायचं. वेळ संपली म्हणायचं. वादग्रस्त डाव म्हणून स्मरणिकेत दोन ओळी येतील, नाव निम्मं राहील, आणि बाबांना कधीच पक्कं कळणार नाही. न कळणं सगळ्यात बरं नव्हतं का? तिनं वर पाहिलं. दामाजी यंत्राकडे बघतच नव्हते. ते तिच्या हातांकडे बघत होते.

तिनं दोन्ही हात काढून मांडीवर घेतले. तिला रडू येत होतं, आणि ते इतक्या लोकांत येऊ नये एवढीच तिची धडपड होती.

बारा वाजून एकेचाळीस मिनिटांनी पडद्यावर ओळ आली. 'मात. शह १३. प्यादे.'

एकोणीस आणि तेरा. बरोबर बत्तीस.

"सापडली," ती म्हणाली. मग परत म्हणाली, "मात आहे. बत्तिसाव्यालाच. प्याद्यानंच."

मग जो काही जल्लोष झाला त्यात दोन्ही तट कुठच्या कुठे वाहून गेले. परशुरामपंतांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "पटावर! पटावर दाखवा! दामाजी, या. तुमचा डाव तुमच्या हातानं होऊ दे."

एकोणिसाव्या शहानंतरची स्थिती पटावर परत लावली आणि मंजुळा चाली वाचू लागली. पांढऱ्याच्या दामाजी खेळत होते, काळ्याच्या ग्रेगरी सर. पहिले तीन शह सरळ होते. मंजुळा पटाकडे बघतच नव्हती. ती बाबांचा चेहरा बघत होती. आता ओळख पटेल, आता डोळ्यांत काहीतरी हलेल, पुढची चाल माझ्याआधी त्यांचा हातच करेल. हे एवढं झालं असतं तर तिला बाकी काही नको होतं.

"चौथा शह. वजीर, राजाच्या शेजारी."

दामाजींचा हात वजिरावर थांबला. "वजीर देयाचा?"

"हो."

"फुकट?"

"हो, बाबा."

सगळ्या हॉलनं "आहा!" केलं. हाच तो घाव होता. वजीर असा उघड्यावर फेकून द्यायचा आणि राजाला तो घ्यायला लावायचा. असं काही जो रचतो, तो जन्मात विसरत नाही. दामाजींनी वजीर उचलला आणि ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर नवल होतं. दुसऱ्या कुणाचा तरी सुंदर डाव पहिल्यांदाच बघताना असतं तसं, निखळ. पुढचे नऊ शह ते तसेच खेळले, दर वेळी मंजुळाच्या तोंडाकडे बघून, ती सांगेल ते घर शोधून. शेवटचं प्यादं त्यांनी एक घर पुढे सरकवलं.

ग्रेगरी सरांनी राजा आडवा केला आणि उठून दोस्ताला मिठीच मारली. "दामू, मी हरलो रे! अरे, चौतीस वर्षांपूर्वी काढलंस हे, बोटांवर! आणि मी मूर्ख, खोट काढत बसलो." त्यांच्या गालांवरून खरोखर पाणी वाहत होतं. आपण मित्राला त्याचं सगळं परत दिलं, असंच त्यांना वाटत होतं. पहिलं पान नक्की झालं. कुणीतरी साखरपुड्याच्या टोपलीतला हार उचलून दामाजींच्या गळ्यात घातला आणि मांडववाल्यानं काही म्हटलं नाही. दामाजी सगळ्यांना हात जोडत होते, नीट हसत होते, ज्याचं त्याचं नाव घेत होते. परशुरामपंतांना मात्र त्यांनी दोनदा विचारलं, "तुमचा धाकटा कसा हाय?"

एक वाजत आला होता. लोक खुर्च्या उचलू लागले. मंजुळा तारा गुंडाळत होती, तेव्हा दामाजी टेबलाशी येऊन तिच्या शेजारी बसले.

"मंजू."

"बाबा, मला माफ करा," ती म्हणाली. "मी थांबवायला हवं होतं."

"नाय. बरं केलंस." त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "किती सुंदर हाय ना गं? वजीर देयाचा तो. मना आता सुचला नसता."

तिनं हातातली तार खाली ठेवली.

"कागद हाय काय? मना लिवून दे. सगल्या चाली. मोठ्या अक्षरात दे, खिशात ठेवतंय."

तिनं प्रिंटआउटचा उलटा कागद घेतला आणि तेरा चाली लिहिल्या, एकाखाली एक. ते शेजारी बसून बघत राहिले. शेवटची चाल लिहून तिनं पेनाला टोपण लावलं.

"थांब," दामाजी म्हणाले. "खाली पत्ता पन लिव. डोंबिवलीचा, तुझा. चेंदणीचा मना अजून पाठ हाय."

मंजुळानं टोपण काढलं आणि आपलं नाव, इमारत, खोली नंबर, गल्ली, सगळं मोठ्या अक्षरात लिहायला घेतलं.